विसाव्याला न थांबलेला ड्रोन

शिरूरहून दौंडला जायला दोन रस्ते आहेत. एक काष्टीवरून, एक न्हावऱ्यावरून. काष्टीचा जवळचा. आम्ही लांबचा धरला, कारण वाटेत कुरकुंभला याकोबला घ्यायचं होतं. याकोब माझ्या थोरल्या बहिणीचा, सगुणाचा, धाकटा मुलगा. सगुणा पहाटे झोपेतच गेली. शेजारणीनं दूध द्यायला दार वाजवलं तेव्हा कळलं. याकोब रात्रपाळीला कारखान्यात होता आणि सकाळ झाली तरी सुटला नव्हता. आई मेली म्हणून तिथं मशीन सोडता येत नाही. पुढच्या पाळीचा माणूस यावा लागतो.

गाडी शीला चालवत होती. शीला माझी सून. शिरूरला आमचा फोटोचा स्टुडिओ आहे. दुकान मुलगा बघतो, शूटिंगला ही जाते. त्या दिवशी लग्नाची ऑर्डर होती म्हणून मुलगा तिकडं गेला आणि आम्ही दोघी मातीला (अंत्यविधीला) निघालो. मागच्या सीटवर काळ्या पेटीत ड्रोन होता. मातीला ड्रोन घेऊन निघालेल्या आम्ही पहिल्याच असू.

तो मागवला होता शमुवेलनं. शमू सगुणाचा थोरला. आखातात एका बंदरावर क्रेन चालवतो. सकाळी त्याचा फोन आला. रडत नव्हता, पण भरभर बोलत होता.

"मावशी, मला येता येत न्हाई. पासपोर्ट कंपनीकडं हाय. साहेब म्हणतो, बदली माणूस आल्यावर बघू."

"मग मी काय करू?"

"शीलावहिनीला म्हणावं ड्रोन आणा. घरापासून मातीपर्यंत सगळा रस्ता मला दिसला पाह्यजे. आन् हलता कामा नये. आप्पांच्या वेळंसारखं नको."

आप्पा म्हणजे त्याचा बाप. तो रेल्वेत गँगमन होता. तो गेला तेव्हाही शमू बाहेरच होता. कुणीतरी मोबाईल धरून त्याला माती दाखवली. मोबाईल गर्दीत. शमूला लोकांच्या पाठी दिसल्या आणि एकाचं टक्कल. बाप दिसला नाही. एवढ्या वर्षांनी तो ते टक्कल विसरला नाही. म्हणून आता त्याला वरून बघायचं होतं. आईला मातीत ठेवताना तरी आपण बघावं, एवढंच त्याचं मागणं होतं. ते रास्त होतं.

घोडनदी मागं टाकून आम्ही न्हावऱ्याच्या रस्त्याला लागलो. दोन्ही बाजूंनी ऊस. ऊस चांगला दिसतो असं लोक म्हणतात. मला तो भिंतीसारखा दिसतो. आत काय आहे ते कळत नाही. आता तर आत बिबटे आहेत, आणि शेतातल्या बायका गळ्यात खिळ्यांचे पट्टे घालून खुरपायला जातात. हे मी थट्टेनं सांगत नाही.

न्हावऱ्याच्या अलीकडं शीलानं गाडी कडेला घेतली. ड्रोनला आदल्या रात्री काहीतरी अपडेट आलं होतं, ते घेतल्यावर एकदा उडवून बघावं लागतं, असं तिचं म्हणणं. उसाची तोड झालेलं एक मोकळं रान होतं. तिथं तिनं पेटी उघडली.

उडवायच्या दोन तऱ्हा आहेत, त्या मला तिथं समजल्या. एक हातानं. रिमोटवर दोन दांड्या असतात, दोन्ही अंगठ्यांनी त्या हलवायच्या. अंगठा जसा हलेल तसा ड्रोन हलतो, आणि चित्रही हलतं. दुसरी तऱ्हा प्रोग्रामची. नकाशावर आधी खुणा करून ठेवायच्या, इथून निघ, इथं वळ, इतक्या उंचीवरून, इतक्या वेगानं. मग बटण दाबायचं आणि हात सोडायचे. पाटाचं पाणी जावं तसा तो जातो. वळताना झटका नाही, काही नाही.

शीला प्रोग्रामवालीच आहे. पूर्वी ती हातानं उडवायची. एका लग्नात नवरदेवाच्या वरातीवर उडवताना तिचा अंगठा चुकला आणि ड्रोन मांडवाच्या झालरीत जाऊन गुरगुरत बसला. झालर फाटली. वरपक्षाच्या लोकांनी चारचौघांत तिला नको ते बोलून घेतलं. त्यानंतर तिनं दांड्यांना हात लावणं सोडलं. उतरवतानाही तो आपला आपणच उतरतो.

ड्रोन वर गेला आणि उसाच्या मागून माणसं आली. चारपाच जण. दोघांच्या हातात काठ्या.

"ए बाई! खाली घे ते!" पुढचा ओरडला. अंगात बनियन, कानाला मफलर. "रातचं तुम्हीच उडवता का? घरं हेरून ठिवता आन् मागनं चोर धाडता?"

आमच्या भागात मध्यंतरी रात्री ड्रोन दिसायचे. कुणाचे ते कळलं नाही. गावोगाव लोक काठ्या घेऊन गच्चीवर जागत बसायचे. तो राग अजून गेलेला नाही.

शीला घाबरली. मी गाडीतून उतरले. उतरायला मला वेळ लागतो, तेवढ्यात ते गाडीजवळ आले.

"मला रातचं मोरीपर्यंत जाया धड होत न्हाई," मी म्हटलं, "आन् मी तुझ्या घरावर दरोडा घालणार व्हय? घरात हाय तरी काय तुझ्या?"

मागचे दोघे हसले. मफलरवाला हसला नाही.

"मग हितं काय करताय?"

"बहीण मेलीय माझी दौंडला. तिच्या मातीला चाललोय."

त्यानं काठी खाली केली. "मातीला? आन् ह्ये कशाला?"

"तिचा पोरगा परदेशात हाय. त्याला बघायचंय."

त्यानं जरा विचार केला. मग आवाज बदलून म्हणाला, "आज्जे, एक काम कर. आता वर हायच ते, तर आमच्या उसावरून एक चक्कर मारायला सांग. काल वासरू नेलंय. आत बसलाय का बघू."

मी शीलाकडं बघितलं. काठ्या अजून हातातच होत्या. शीलानं नकाशावर त्यांच्या उसाच्या खुणा केल्या आणि ड्रोन उभ्या-आडव्या रेघा मारत सगळ्या रानावरून फिरला. बिबट्या दिसला नाही. एका जागी ऊस आडवा झाला होता, तिथं वासराचं मागचं अर्धं अंग पडलेलं दिसलं. मफलरवाला पडद्यावर बघत राहिला आणि "बास, बास" म्हणाला.

त्या चक्करमध्ये एक बॅटरी संपली. दोनच होत्या. शीला म्हणाली, दौंडला गेल्यावर लावू चार्जिंगला.

पारगावला भीमेच्या पुलावर मी काच वर करून घेतली. पुण्याचं सगळं पाणी मुळा-मुठेतून वरच्या अंगाला भीमेत येतं. नदीवर जलपर्णी इतकी, की कुरण वाटावं. ढोरं फसतात असं म्हणतात. खांबांपाशी पांढरा फेस. लहानपणी सगुणा आणि मी या नदीचं पाणी ओंजळीनं प्यायलो आहोत. हे सांगून काही उपयोग नाही, तरी सांगितलं.

पुढं केडगाव-चौफुल्याला गुऱ्हाळं (ऊस गाळून गूळ करतात ते कारखाने) लागली. चिमणीतून काळा धूर. टायर जाळतात काही जण. शीलानं एका ठिकाणी थांबून चहा घेतला. मी गरम गुळाचा खडा मागितला. गुऱ्हाळावरचा माणूस म्हणाला, "घ्या ना आज्जी, दात हायेत का?" मी म्हटलं, "तुझ्या गुळात माती हाय, त्याच्यापुरते हायेत." खडा चांगला होता. मातीला जाताना गोड खाऊ नये म्हणतात. मी खाल्ला. सकाळपासून पोटात काही नव्हतं.

पाटसच्या पुढं कुरकुंभ यायच्या आधीच नाकाला कळतं. औषधांचे, रसायनांचे कारखाने. एकेका कंपनीचा वास वेगळा, कुठं कुजक्या अंड्यांचा, कुठं नखाला लावायच्या रंगाचा. याकोबच्या कंपनीच्या गेटवर उत्तरेकडचा एक सिक्युरिटीवाला खुर्ची टाकून बसला होता.

मी माझ्या हिंदीत म्हटलं, "उसकी आई मर गयी है. छोडो उसको."

"मालूम है, माताजी। सुबह से मालूम है।" तो उठून उभा राहिला. "रिलीवर नहीं आया अभी तक। चालू प्लांट छोड़ के निकलेगा तो अंदर सब मरेंगे।"

"तुम्हारी आई होती तो?"

"मेरी माँ गई तब मैं इसी गेट पे था," तो म्हणाला. "बैठिए।" आणि त्यानं आपली खुर्ची मला दिली.

मी बसले.

उन्हं चढल्यावर याकोब आला. डोळे लाल. ते रडून की गॅसमुळं हे कळायला मार्ग नव्हता. अंगाला कारखान्याचा वास. मांडीवर डबा घेऊन तो मागं बसला. आदल्या संध्याकाळी सगुणानं भरून दिलेला डबा. झाकण उघडलेलं नव्हतं.

"जेवला न्हाईस?" मी विचारलं.

"जेवायच्या सुट्टीला बसलोच न्हाई. म्हटलं सकाळी खाऊ. सकाळी फोन आला."

दौंड येईपर्यंत त्यानं डबा मांडीवरून हलवला नाही.

दौंड हे रेल्वेचं गाव. रूळ गावाला कापत जातात आणि गाव रुळांभोवती बसलेलं आहे. माणूस बोलत असला तर मालगाडी जाईपर्यंत थांबतो आणि मग अर्ध्या राहिलेल्या वाक्यापासून पुढं बोलतो. सगुणा तिथं रनिंग रूममध्ये (इंजिन चालवणारे आणि गार्ड मुक्कामाला उतरतात ती जागा) स्वैपाक करायची. घर रेल्वे वसाहतीच्या पलीकडं, पत्र्याचं, पुढं अंगण. अंगणात तिची बाज उभी करून ठेवली होती आणि बाजेखाली तिच्या चपला होत्या.

सगुणाला आत पेटीत ठेवलं होतं. पांढरी साडी, हनुवटीला रुमाल बांधलेला, नाकात कापूस. ती माझ्यापेक्षा उंच होती, पेटीत आखूड वाटली. बघितलं आणि बाहेर आले.

बाहेर शीला हवालदिल उभी. "आई, लाइट नाही. गुरुवार आहे."

गुरुवारी आमच्याकडं दुरुस्तीसाठी वीज बंद असते. हे शेंबड्या पोरालाही माहीत आहे आणि आम्हा दोघींच्या डोक्यात आलं नाही. गाडीवर चार्ज करायची वायर सकाळच्या गडबडीत मुलाच्या बॅगेत राहिली होती. म्हणजे उरली ती एक बॅटरी.

मग चर्चचे पाळकसाहेब आले. नवीन, तरुण, इस्त्रीचा शर्ट. बोलायला चांगले. शीलानं त्यांना शमूचं सांगितलं. ते म्हणाले, चांगली गोष्ट आहे, करा. शीला, याकोब आणि ते कबरस्तानापर्यंत चालत जाऊन आले. शीला वाटेत मोबाईलवर खुणा करत होती. मीही थोडं मागं मागं गेले. माझं शिक्षण चौथीपर्यंत, नकाशा मला उलटा दिसतो की सुलटा ते कळत नाही, पण रस्ता मला पाठ होता. घरापासून बंद पडलेल्या पिठाच्या गिरणीपर्यंत, तिथं लिंबाचं झाड आणि झाडाखाली लांब चपटा दगड, मग निलगिरीची रांग, मग फाटक.

परत आल्यावर शीलानं विचारलं, "मध्ये कुठं थांबणार? म्हणजे तशी खूण करते. तेवढा वेळ तो जागच्या जागी थांबेल."

याकोबनं पाळकसाहेबांकडं बघितलं.

"कुठेही नाही," पाळकसाहेब म्हणाले. "ते विसावा वगैरे वचनात नाही. मी मागच्या रविवारीही सांगितलंय. घरातून निघायचं ते थेट कबरेपाशी."

विसावा म्हणजे अर्ध्या वाटेवर पेटी खाली ठेवायची. पुढचे खांदे मागं जातात, मागचे पुढं येतात. झाकण एकदा उघडतात, कारण म्हाताऱ्या बायका तिथून परत फिरतात. एक गीत म्हणतात आणि उचलतात. आम्ही मिशनचे. आज्याच्या काळात पुष्कळ गोष्टी सोडल्या. ही राहिली. वचनात, म्हणजे बायबलात, नाही हे खरं आहे.

अंगणात तेव्हा बरीच माणसं होती. सगळ्यांनी ऐकलं. सगळ्यांनी माना डोलवल्या. रेल्वेतले जुने गँगमन, सगुणाच्या नवऱ्याच्या बरोबरीचे, त्यांनीही डोलवल्या. एक म्हणाला, "साहेब म्हणत्यात तसं." मीही डोलवली. शीलानं प्रोग्राममध्ये सरळ रस्ता ठेवला. मातीच्या चालीचा वेग दिला. कबरीशी पोचल्यावर तिच्याभोवती सावकाश दोन फेरे आणि मग स्थिर. बॅटरी पुरेल, ती म्हणाली. सरळ गेलं तर पुरेल.

उन्हं कलल्यावर निघालो. ड्रोन अंगणातूनच वर गेला. शीलाच्या गळ्यात रिमोट, रिमोटवर पडदा. माझ्या हातात तिचा मोबाईल, त्यावर शमू. मोबाईल पडद्यासमोर धरून चालायचं, हे माझं काम. म्हणजे ड्रोनला जे दिसेल ते शमूला दिसेल. त्यामुळं मी बहिणीच्या पेटीमागं चालत होते आणि बघत होते पडद्याकडं.

चित्र खरंच सुरेख होतं. कशाला खोटं बोलू? पेटीवरचा पांढरा कपडा, खांदे, मागं बायकांचे पदर, सगळं एका संथ चालीनं पुढं सरकत होतं. शमू म्हणाला, "मावशी, झ्याक दिसतंय." माती झ्याक दिसते हे मी पहिल्यांदा ऐकलं.

गिरणीपाशी आलो आणि पेटी थांबली.

थांबा असं कुणी म्हटलं नाही. मी पेटीच्या अगदी मागंच होते, मला ऐकू आलं असतं. कुणी कुणाकडं बघितलंही नाही. लिंबाची सावली पायावर आली आणि पाय थांबले. गँगमननी पेटी दगडावर ठेवली, जशी त्यांनी सगुणाच्या नवऱ्याची ठेवली होती. पाळकसाहेब गीत म्हणत पुढं गेले होते. मागं आवाज नाही म्हणून वळले.

"अहो, आपलं काय ठरलं होतं?"

"व्हय साहेब," एक म्हातारा म्हणाला आणि टोपी काढून उभा राहिला. कुणी हललं नाही.

ड्रोन मात्र ठरल्याप्रमाणं गेला.

पडद्यावरून पेटी मागं सरकली आणि दिसेनाशी झाली. मग नुसता रस्ता. एक कुत्रं. निलगिरीच्या सावल्या. फाटक. तीच संथ चाल, जराही धक्का नाही. मग कबर आली. उकरलेल्या मातीचा ढीग, फावडी, कडेला बसून तंबाखू मळणारा एक माणूस. त्यानं वर बघितलं. ड्रोन त्या रिकाम्या खड्ड्याभोवती फिरू लागला. सावकाश, गोल.

मोबाईलमधून शमूचा आवाज आला. "मावशी, लोक कुठं गेले? आई कुठाय?"

"मागं हाय."

"मागं म्हंजी?"

"विसाव्याला थांबलीय."

"मग मला काय दाखवताय तुम्ही? खड्डा?"

शीला पडद्यावर काहीतरी दाबत होती. "प्रोग्राम पूर्ण झाल्यावर परत पाठवते," ती म्हणाली. "दोन फेरे होऊ दे."

"तवर झाकण लागंल," मी म्हटलं. कारण तिकडं याकोब झाकणाच्या कड्या काढत होता. "हातानं आण."

"हातानं नको, आई. वर तारा आहेत. लोक आहेत खाली."

"झालर न्हाई ना हितं? आण."

तिनं माझ्याकडं बघितलं. राग आला होता तिला. त्या रागातच तिनं प्रोग्राम बंद केला आणि दांड्यांवर अंगठे ठेवले.

पडदा डुचमळायला लागला. निलगिरीची पानं एकदम अंगावर आली, मग आभाळ, मग रस्ता तिरपा. कुठं तार गेली ते मी बघितलं नाही. शीला ओठ चावत होती. मग लिंबाचं झाड दिसलं, माणसांची डोकी दिसली, आणि डोक्यावर प्रत्यक्षही तो घोंगावायला लागला.

तो खाली आला तसं वारं सुटलं. पानं, धूळ, बायकांचे पदर. पेटीतली फुलं उडाली. पाळकसाहेबांनी दोन्ही हातांनी शास्त्र (बायबल) धरलं आणि ओरडले, "अहो, काय चाललंय हे? बाजूला घ्या ते! याकोब, झाकण लाव."

याकोब दिवसभर त्यांच्या प्रत्येक शब्दाला मान हलवत होता. आता त्यानं झाकण दोन्ही हातांनी उभं धरलं आणि म्हणाला, "ऱ्हाऊ द्या साहेब. दादा बघतोय."

पडद्यावर सगुणा आली. लहान. थरथरत. कधी कडेला जाई, कधी मध्ये येई. शीला अजून खाली घेत होती. रुमाल बांधलेली हनुवटी दिसली, कापूस दिसला. वाऱ्यानं तिचे कपाळावरचे केस हलले. मेलेल्या माणसाचे केस हलू नयेत.

शमू म्हणाला, "आईचा चष्मा कुठाय?"

मी याकोबला विचारलं.

"कपाटावर," याकोब म्हणाला. तो झाकण धरून उभाच होता. "काल डबा भरताना काढून ठिवला तिनं."

तेवढ्यात रिमोट ओरडायला लागला. बॅटरी. शीलानं काहीतरी दाबलं, पुन्हा दाबलं. "आता ऐकत नाही तो," ती म्हणाली. "बॅटरी संपत आली की स्वतःच घरी जातो."

"कुणाच्या घरी?"

"जिथून उडवला तिथं."

थरथर थांबली. ड्रोन सरळ वर गेला, सुतात. खाली पेटी लहान होत गेली, माणसं मुंग्यांएवढी झाली. मग तो वळला आणि ज्या रस्त्यानं आम्ही सगुणाला आणलं होतं त्याच रस्त्यावरून, एक हिसका न देता, परत तिच्या घराकडं निघाला. पत्रा दिसला. अंगण दिसलं. उभी केलेली बाज. तो हळूहळू खाली उतरला, अगदी बाजेजवळ, आणि शेवटी पडद्यावर तिच्या चपला मोठ्या झाल्या आणि चित्र थांबलं.

मोबाईलकडं बघितलं तर शमूनं फोन ठेवला होता. पुन्हा लावला. उचलला नाही. कबरीपाशी गेल्यावर पुन्हा लावून मी मोबाईल नुसताच वर धरला, तेव्हाही त्यानं उचलला नाही. आम्ही मूठमूठ माती टाकली. त्याची मूठ याकोबनं टाकली. शमूनं ते बघितलं नाही. बापाला बघितलं नव्हतं, आणि आईलाही मातीत जाताना बघितलं नाही.

संध्याकाळी शेजारच्यांनी पिठलं-भाकरी आणली. मयताच्या घरी चूल पेटवत नाहीत. हा कडू घास. सगळे जेवले. याकोबनं पिठलं बाजूला सारलं आणि मांडीवरचा डबा उघडला. भाजी आंबली होती, वास मला आला. त्यानं सगळी खाल्ली. पोट बिघडलं तर बिघडलं.

दुसऱ्या दिवशी आम्ही काष्टीच्या रस्त्यानं परत निघालो. दौंडबाहेर पुन्हा भीमा, पुन्हा तीच जलपर्णी. शीला रात्रभर झोपली नव्हती. ती म्हणाली, "ते विसाव्याचं हललेलं आहे ना, ते कॉम्प्युटरवर नीट करता येतं. थरथर काढून टाकते आणि भाऊजींना पाठवते. सुरुवातीचं जोडते, मग आत्याबाईंचा... म्हणजे मावशींचा चेहरा. रिकामा रस्ता आणि खड्डा काढून टाकते."

सगुणाला काय म्हणायचं हे लग्नापासून तिला ठरवता आलं नव्हतं. आता गरज नव्हती.

काष्टीला चहाला थांबलो आणि शमूचा फोन आला. त्याचा आवाज नेहमीचा झाला होता.

"वहिनीला सांगा, काही जोडाजोडी करू नका. आईचा चेहरा मला नको. एकदा बघितला, बास झाला."

"मग काय पाठवायचं?"

"रिकामा रस्ता पाठवा."

मला वाटलं पोराचं डोकं फिरलं. "त्यात कोण हाय रे? कुत्रं हाय एक."

"असू दे. घरापासून कबरीपर्यंत सलग हाय न्हवं ते? मला पाठ करायचंय. कवा सुट्टी मिळंल ठावं न्हाई. तवर याकोब कंपनीत असंल, तुमचा काय भरोसा न्हाई..."

"न्हाईच."

"तेच म्हणतो. उतरल्यावर कबर कुठली, रस्ता कुठला, विचारत फिरायचं न्हाई मला. अंगणातनं निघायचं आन् सरळ जाऊन उभं ऱ्हायचं."

मी फोन शीलाला दिला. ती "हो भाऊजी, हो भाऊजी" म्हणत राहिली. फोन ठेवल्यावर तिनं चहाचा कप तसाच सोडला. तिला वाटलं होतं की तो रिकामा तुकडा म्हणजे तिची चूक. शमूला तेवढाच उपयोगी पडला. माझ्या मते त्यात नवल नाही. जिवंत माणसाला रस्ता लागतो.

शिरूर जवळ आलं. घोडनदीचा पूल ओलांडला. आमची दफनभूमी गावाबाहेर जुन्या मिशनच्या मागं आहे, तिकडं जाणारा रस्ता फुटतो तिथं मी शीलाला गाडी थांबवायला सांगितली. तिथं एक चिंच आहे, आणि चिंचेखाली दगडी ओटा. माझ्या नवऱ्याची पेटी तिथं ठेवली होती, त्याच्या आईचीही.

"हे बघून ठेव," मी म्हटलं. "आमच्याकडं हितं थांबतात. कुणी काय बी म्हणू दे."

शीलानं वाद घातला नाही. असं बोलू नका आई, वगैरे काही म्हणाली नाही, हे मला बरं वाटलं. तिनं मोबाईल काढला, नकाशावर ओट्याची खूण केली आणि विचारलं, "किती वेळ थांबतात?"

"ते कसं सांगू? उचलणारे दमलेले असतील तेवढा वेळ. बायकांचं बघून होईल तेवढा."

तिनं मोबाईलवरची खूण बघितली, मग ओटा बघितला. "हे प्रोग्राममध्ये बसत नाही," ती म्हणाली. "हातानंच उडवायला लागेल."

"मग शीक," मी म्हटलं. "वेळ आहे अजून. फार नाही."